खाटेखालचा काढा

नाना, तुझ्या तेराव्याला आलेल्या प्रत्येकाकडे एकेक औषध होतं. जेवणं झाली, पत्रावळी उचलल्या, माणसं ओट्यावर सुपारी कातरत बसली आणि औषधं बाहेर पडायला लागली. पाचोऱ्याच्या मामांनी गव्हांकुराचा रस सांगितला. मिलमधल्या तुझ्या खात्यातल्या एकाने कुठल्याशा डोंगरावरच्या झाडाची साल सांगितली, ती म्हणे कुणाशी न बोलता काढून आणावी लागते. चुलतकाकूंनी गोमूत्र सांगितलं. आणि प्रत्येकाचा शेवट एकच, आम्हाला आधी सांगायचं ना. शोभावहिनी माझ्या शेजारी मान खाली घालून ऐकत होती, जसा काही नवरा तिच्याच हलगर्जीपणाने गेला. मला राहवेना. मी म्हटलं, मामा, औषध मिळालं नाही म्हणून नाना गेला असं नाही. त्याच्याकडे दोन औषधं होती आणि दोन्ही बंद झाली. ओट्यावरचे अडकित्ते थांबले. मग कुणीतरी बारडोलीच्या उसाचा विषय काढला आणि सुपारी पुन्हा कातरली जाऊ लागली.

तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. घरात बोलायला गेलं की रडारड होते, शाळेत बोलायला गेलं की बायका हात हातात घेतात. मला हात हातात घेणारं माणूस नको आहे, भांडणारं हवं आहे. ते तू होतास. धाकट्या बहिणीला मास्तरीण केलंस आणि मग आयुष्यभर तिच्याशी वाद घातलास. म्हणून हे तुलाच सांगते, आणि मध्ये बोलू नकोस.

आधी तुझ्या मिलवरचा राग. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या त्या साड्या रंगवायच्या डाइंग मिलमध्ये तू तरणाबांड म्हणून शिरलास आणि खोकत बाहेर पडलास. रंगाची पावडर घमेल्यात ओतताना उडायची, वाफेच्या यंत्रांमधून आंबूस वास घेऊन धूर यायचा, आणि तोंडाला बांधायला तुमच्याकडे काय, तर स्वतःचाच रुमाल. संध्याकाळी तुझ्या नाकातून कधी निळं यायचं, कधी लाल. वहिनी हसून म्हणायची, आज कुठल्या साड्या निघाल्या ते यांच्या रुमालावरून कळतं. आपण सगळे हसायचो. पाळी सुटताना मालकाकडून प्रत्येकाला गुळाचा एक खडा मिळायचा, घसा साफ व्हायला. गुळाने म्हणे छातीतला कचरा खाली उतरतो. इतकी वर्षं तो गूळ तुम्ही प्रसादासारखा हातावर घेतलात आणि मालकाला देवमाणूस म्हणालात. खोकला सगळ्यांनाच होता, म्हणून तो कुणालाच आजार वाटला नाही. वर तुझी बिडी होतीच. तिचं नाव काढलं की तू म्हणायचास, धुरानं धूर कटस. तुझ्या या शोधावर मी किती वेळा डोकं आपटलं असेल.

छातीत गाठ आहे हे कळलं त्या दिवशी तू डॉक्टरांना एकच विचारलंस, कामावर केव्हा जाऊ. मोठे डॉक्टर म्हणाले, आधी बाटले चढवू. दर काही आठवड्यांनी इस्पितळात राहायचं, शिरेतून औषध घ्यायचं, ओकाऱ्या काढायच्या आणि घरी यायचं. तू मुकाट्याने सुरुवात केलीस. आणि पहिल्या बाटल्यानंतर कुणालाही न सांगता बस पकडून बारडोलीकडच्या त्या वैदाकडेही जाऊन आलास. हळद, मिरी आणि कसलीशी मुळी, कुटून दिलेली. वहिनीने उकळून गाळायची, सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरायची आणि फडक्यात गुंडाळून तुझ्याकडे पोचवायची. इस्पितळात असलास की बाटली खाटेखाली.

तुझी एकट्याची नव्हती, हेच तर मला कळून चुकलं. त्या वॉर्डात मी किती सकाळी बसले. डॉक्टर फेरीला आले की प्रत्येक खाटेपाशी विचारायचे, बहारनी कोई दवा लो छो? आणि प्रत्येक खाटेवरून उत्तर यायचं, ना साहेब. भुसावळकडचा म्हातारा नाही म्हणायचा, ओडिशाचा लूमवर कापड विणणारा कारागीर नाही म्हणायचा, कामरेजची गुजराती आजी तर कानाला हात लावायची. आणि फरशी पुसायला आलेली बाई प्रत्येक खाटेखालची बाटली उचलायची, फडकं मारायची आणि पुन्हा जिथल्या तिथे ठेवायची. कुठली कुणाची हे तिला पाठ होतं. एक डॉक्टर सोडले तर त्या खोलीत सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मला तर वाटतं, त्यांनाही ठाऊक होतं. विचारायचं म्हणून विचारत होते.

तू मात्र सगळ्यांच्या पुढे गेलास. बाकीचे एकालाच फसवत होते, तू दोघांना. मी तुझ्यासोबत वैदाकडे आले होते तेव्हाचं आठवतं? अंगणात बाजेवर बसून त्याने तुझी नाडी बघितली आणि विचारलं, बाटला हजी चढावो छो, अजून बाटले घेता का? तू डोळ्याची पापणी न हलवता म्हणालास, ना बापा, बंध करी दीधा. तुझ्या दंडावर सुईची निळी जागा होती आणि ती झाकायला तू भर उन्हात लांब बाह्यांचा सदरा घातला होतास. वैद म्हणाला, चांगलं केलंत, ते विष आत असेल तर माझी दवा लागत नाही. परतीच्या बसमध्ये मी तुला विचारलं, नाना, हे काय चालवलं आहेस. तू खिडकीतून ऊस बघत म्हणालास, “वैदले सांगं ते तो दवा बंद करी, डॉक्टरले सांगं ते तो बी बंद करी. मंग कोनले कसाले सांगानं?”

आणि मग तुझं ते रंगाचं तत्त्वज्ञान. “रंग एकलाच कपडाले धरस का? संगे काही ना काही टाकनंच पडस.” नुसत्या पाण्यात रंग कालवून कापडाचा ताका बुडवला तर धुण्यात सगळा निघून जातो, सोबतीला दुसरं काही असलं तरच तो धाग्यात शिरतो. तसा डॉक्टरचा बाटला म्हणजे रंग, आणि काढा त्याला आत पोचवणारा. मी म्हटलं, तू म्हणजे साडीचा ताका नाहीस. तू म्हणालास, “मी काय तुना वर्गना पोऱ्या शे का?” पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं तेव्हा कुठे आपण थांबलो.

पुढचं तुला आवडलं होतं, म्हणून सांगते. आमच्या शाळेत विज्ञानाचं एक मासिक येतं. त्यात मला दोन परिच्छेद सापडले. मिऱ्यातलं तिखट द्रव्य पोटात असेल तर काही औषधं रक्तात जास्त पोचतात आणि जास्त वेळ टिकतात, आणि हळदीच्या पिवळ्या द्रव्यावर शास्त्रज्ञ प्रयोग करून बघताहेत, असं काहीसं होतं. मी ते घेऊन धावत तुझ्याकडे आले. तू खाटेवर उठून बसलास आणि वहिनीला हाक मारून म्हणालास, “मी सांगत व्हतू ना.” मी म्हटलं, थांब, पुढचं ऐक. हे काचेच्या बशीत आणि उंदरांवर चाललं आहे, माणसांचं अजून कुणालाच ठाऊक नाही. आणि समजा तुझं खरं निघालं, मिरी औषध आत ढकलते, तर मग डॉक्टर मिरी न खाणाऱ्या माणसाच्या हिशेबाने औषध भरताहेत. तुला ते जास्त होत असेल. म्हणजे तुझं खोटं असेल तर काढा फुकट आहे, आणि खरं असेल तर तो डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे. तू मासिक मिटून उशाशी ठेवलंस. मला वाटलं, पटलं. मग म्हणालास, तुझा मुद्दा बरोबर आहे, पण डॉक्टर तुझ्या मासिकातला नाही.

मधले काही आठवडे तू खरंच सुधारलास. खोकला उतरला, रात्रीचा घाम थांबला. कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून खाल्लास, जिना धापा न टाकता चढलास. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि खूश झाले. म्हणाले, बघा, बाटल्यांनी काम केलं. त्याच आठवड्यात वैदाने तुझी जीभ बघितली आणि तोही खूश झाला. जोयुं, मारी दवा, म्हणाला. तू दोघांच्याही पाया पडलास. मला तेव्हाही हसू आलं होतं आणि आता संताप येतो. दोघांनाही पुरतं ठाऊक नव्हतं, आणि दोघेही छाती पुढे काढून उभे होते.

मग पुढच्या बाटल्यानंतर तोंड आलं. जिभेला, गालाला आतून फोड आले, पाणी गिळवेना, ताप चढला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या. डॉक्टर स्वतः बुचकळ्यात पडले. माझ्यादेखत म्हणाले, इतकं व्हायला नको होतं. मी तुझ्याकडे बघितलं. तू डोळ्यांनी मला नाही म्हणालास. लहानपणी आपल्या वडिलांपुढे माझी चोरी झाकताना जसा बघायचास तसा. तरी मी बोलले. खाटेखालून बाटली काढली, टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. काय काय आहे त्यात, किती दिवस चाललंय, केव्हा घेतो. मला वाटलं, ते बसतील, विचारतील, कागदावर लिहून घेतील.

त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि बाटली मोरीत उपडी केली. मी म्हटलं, साहेब, निदान यात काय होतं ते बघायचं होतं. ते म्हणाले, झाडपाल्याचं काय बघायचं. मग माझंही डोकं फिरलं. मी म्हटलं, तुम्ही ह्यांना जी दोन औषधं देता त्यातलं एक सदाफुलीचं आहे. तोही झाडपालाच. त्यांचा चेहरा असा झाला की तूसुद्धा आजारपण विसरून बघत राहिलास. ते म्हणाले, तो पछी त्यां ज जाव ने, अहीं शुं काम आवो छो? तिकडेच जा, इथे कशाला येता. आणि पुढच्या खाटेकडे वळले. पुढच्या खाटेवरच्या माणसाने विचारायच्या आधीच सांगितलं, ना साहेब, हुं तो कंई नथी लेतो.

मी हे त्यांच्या बाजूने बघायचा प्रयत्न केला आहे, नाना. बाहेर रांग असते, कसलीकसली भुकटी खाऊन मूत्रपिंडं घालवलेली माणसं येतात, शेवटी खापर त्यांच्यावर फुटतं. हे सगळं मला कळतं. पण मला त्यांच्याकडून फार काही नको होतं. दोनच शब्द पुरले असते, माहीत नाही. माहीत नाही, पण सध्या हे थांबवा, पेशी वर येऊ देत, मग बघू. एवढं म्हणाले असते तर तू काढा थांबवला असतास. तुझ्यासारखा माणूस ओरडणाऱ्याचं कधी ऐकत नाही, समजावणाऱ्याचं ऐकतो. हे मला ठाऊक आहे कारण मी आयुष्यभर तुझ्यावर ओरडून बघितलं आहे.

तू घरी आलास तो परत जाईना. म्हणालास, त्या माणसापुढे मी पुन्हा हात पसरणार नाही. वहिनी रडली, मी रिक्षा दाराशी आणून उभी केली, तू भिंतीकडे तोंड करून पडून राहिलास. आणि बारडोलीला तरी काय झालं. वहिनीचा भाचा पुडी आणायला गेला, वैदाने विचारलं, आजाऱ्याची तब्येत कशी, आणि त्या भोळ्याने सांगितलं की बाटल्याने तोंड आलंय. वैदाने पुडी परत ठेवली. तमे मने छेतर्यो, म्हणाला, मला फसवलंत, आता माझ्याकडे येऊ नका. म्हणजे हा कोर्टकचेरीचा मामला झाला, माणूस आजारी आहे हे दोघेही विसरले. दोघांचा मान शाबूत राहिला आणि तुझी छाती भरत गेली. शेवटी छातीतलं पाणी काढायला दुसऱ्या इस्पितळात नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, इतके दिवस कुठे होता. काय सांगणार त्यांना.

तू तेव्हा मला म्हणालास, “झायं ना तुनं समाधान?” ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. तुझं म्हणणं असं की मी गप्प बसले असते तर दोन्ही चालू राहिलं असतं. नाना, मी तुझ्यासाठी रडते, पण हे कबूल करणार नाही. खोटं चालू राहिलं असतं, तू नाही. तोंड आलं ते माझ्या बोलण्याच्या आधी. खरं बोलून वाईट झालं, याचा अर्थ खरं बोलणं वाईट असा कसा काय होतो? ज्याने बाटली ओतली त्याला तू काही म्हणाला नाहीस. ज्याने पुडी परत घेतली त्यालाही नाही. त्यांना साहेब आणि बापा, आणि बहिणीला समाधान झालं का. हा कुठला न्याय.

आणि तूच मला शिकवलं होतंस, म्हणून जास्त लागतं. प्लेगच्या साली अर्धी सुरत गाठोडी बांधून मिळेल त्या गाडीने पळाली, आणि नेमका मला ताप भरला. उधन्याच्या आपल्या चाळीत शेजाऱ्यांनी दारं लावून घेतली. घरमालक म्हणाला, इस्पितळात ताप सांगू नका, नेतील आणि कोंडतील, अंगदुखी सांगा. तू मला सायकलवर पुढे बसवून नेलंस आणि डॉक्टरांना सगळं सांगितलंस. केव्हा थंडी वाजली, काय खाल्लं, कुणाच्या घरी गेले होते, घरच्या घरी कुठल्या गोळ्या घेतल्या, सगळं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, कोंडलं असतं तर? तू म्हणालास, कोंडलं असतं तर मी दाराशी बसलो असतो. साधा मलेरिया निघाला. तो माणूस लांब बाह्यांचा सदरा घालून वैदाशी खोटं बोलायला लागला, इतकं त्याला जगायचं होतं. हे मला त्या बसमध्ये कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. कळलंच होतं. म्हणूनच भांडत होते.

शेवटच्या दिवशी मी मोसंबी सोलत बसले होते. आता तरी तू विषय काढशील, दोन शिव्या घालशील, मग मी घालीन, असं मनात होतं. तू एवढंच विचारलंस, “शाया चालू शे ना तुनी?” मी म्हटलं, शाळा चालू आहे. तू मान हलवलीस. मी फोड तोंडाशी नेली, ती तू घेतली नाहीस, पण माझं मनगट धरून ठेवलंस. तो माफीचा हात होता की गप्प बसवायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझ्याबद्दल मला बाकी सगळं ठाऊक होतं.

काल मंदाबाई आली होती. आमच्या खालच्या खोलीत राहते, बीडकडची, नवरा लूमवर आहे. त्याला तुझाच आजार निघाला आहे, त्याच वॉर्डात खाट मिळाली आहे. पदराचं टोक पिळत म्हणाली, “बाई, मोठे डॉक्टर इचारतेत, बाहेरचं काय घेता का म्हून. आमी हळदीचा काढा देतोय त्यास्नी. तुमच्या भावाचं समदं ठावं हाय मला. म्हून इचारते, सांगू का नगं?” मी चहा टाकायला उठले. आधणाचं पाणी उकळून निम्मं झालं तरी मी साखर हातात घेऊन उभी होते. तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला शब्दाशब्दानिशी ऐकू येत होतं. आणि खोटं कशाला बोलू, तुझा मुद्दा बरोबर होता. डॉक्टर माझ्या मासिकातला नाहीच.

तरी मी तिला म्हटलं, सांग. एकटी सांगू नकोस, मी येते. त्यांनी हाकललं तर आपण दाराशी बसू, पुन्हा फेरीला आले की पुन्हा सांगू. वॉर्डातल्या बाकीच्या बायकांनाही मी आज गाठणार आहे. एका खाटेला हाकलता येतं, सगळ्या खाटा एकदम बोलल्या तर ते कुणाकुणाला हाकलतील.

उद्या सकाळी निघायचं आहे. तू असतास तर दारात आडवा उभा राहिला असतास, मास्तरीण, फाजील शहाणपणा करू नको म्हणाला असतास. मी तुला बाजूला ढकललं असतं, तू रागावून तोंड फिरवलं असतंस, आणि मग सायकल काढून इस्पितळाच्या दारापर्यंत मागोमाग आला असतास. उद्या मला कोणी अडवणार नाही, नाना. मला फार राग आला आहे.